तीन नंबरचं मैदान

१२ एप्रिल

दादा,

तू फोन उचलत नाहीस, आणि मी बाबांच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून कापतोस. म्हणून हे कागदावर. कागद कापता येत नाही, फार तर फाडशील. पण वाचून फाड.

आपल्या फुटबॉल क्लबचं नवं सराव केंद्र पूर्ण झालं. तू गेलास तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण आणि चिखलात रुतलेला एक रोलर होता. आता फाटकातून आत शिरलं की डोळ्यांना थंड वाटतं. तीन मैदानं आहेत. एक मोठ्या संघाचं, दुसरं पोरांचं आणि तिसरं मुलींचं! हे तिसरं नकाशात नव्हतंच. पोरांचं आटोपलं की उरलेल्या उजेडात मुलींनी खेळायचं, असं ठरलं होतं. मी तेव्हा नोकरीत कायमही झाले नव्हते, तरी सगळ्या साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मुली अंधारात वाढणार असतील तर क्लबच्या पाटीवर 'सर्वांचा' हा शब्द कशाला? व्यवस्थापक साहेब हसले. म्हणाले, बाई फार शिकलेल्या दिसतात. पण शेवटी कुंपणाच्या टोकाची जागा दिली, जुन्या दगडखाणीवरची. ती खाण बुजून किती काळ झाला. अख्ख्या वस्तीने आपापला कचरा तिथे लोटला आहे. आपलं पाय मोडलेलं कपाटही तिथेच असेल कुठेतरी. आता वर असं हिरवंगार गवत आहे की सांगूनही पटायचं नाही.

माझं काम समर्थकांना बातम्या कळवणं, त्यांच्या तक्रारी ऐकणं आणि त्यांना केंद्र फिरवून दाखवणं. परवा पहिली तुकडी आली होती. बाबा पुढे, त्यांच्यामागे शिट्टीकाका, न्हावीदादा, बेकरीवाल्या मावशी, सगळी सामन्याला आपल्या ओळीत बसणारी माणसं. न्हावीदादांनी खुर्च्या पुसायला आणलेली बादली तीन नंबरच्या गोलसमोर लवंडली. आम्ही सगळे डबकं होणार म्हणून मागे सरलो, तर पाणी गायब! गवताने गिळल्यासारखं.

"ओत रे अजून एक," बाबा म्हणाले.

दुसरीही गेली. मग शिट्टीकाका गुडघ्यांवर बसले, गवतावर तळवा फिरवला आणि आम्हाला दाखवला. ओलसुद्धा नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसू नकोस. जुन्या मैदानावर चिखलामुळे किती सामने रद्द झाले, आणि पलीकडच्या क्लबचे लोक आपल्याला पाहून बेडकासारखे डराँव डराँव करायचे, हे तुला काय सांगायचं? आता तू त्याच पलीकडच्यांच्या मैदानाचं गवत राखतोस. बाबा म्हणतात तसं मी म्हणणार नाही. पोटासाठी माणूस कुठेही जातो.

आठ जूनला उद्घाटन आहे. पहिला सामना मुलींचा, तीन नंबरवर, आणि गोलमध्ये आपली बारकी. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, समर्थक तिला 'खांब' म्हणतात, घरात मात्र अजून बारकीच. तू यावंस. बाबांना मी विचारलेलं नाही. तू आलास की मग विचारीन.

तुझी धाकटी, आता थोडी मोठी


२९ एप्रिल

दादा,

इतक्या काळाने तुझं उत्तर आलं, आणि पाकिटात एकच ओळ. 'पाणी जातं कुठे?' अरे, 'कशी आहेस' लिहायला याहून कमी शाई लागली असती.

राग आला, पण आनंदही झाला. म्हणून रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं. चूकच केली. बाबांनी घास खाली ठेवला.

"काय म्हणतोय तो?"

"विचारतोय, पाणी जातं कुठे."

"पलीकडे जात नाही, म्हणून जळतोय," बाबा म्हणाले. "त्यांच्या मैदानावर घोटाभर साचतं, आणि याला आमच्या पाण्याची चौकशी!"

आई म्हणाली, "विचारलं तर काय झालं? तुम्ही नाही विचारत रोज, भाजीत मीठ गेलं कुठे?"

बारकी हसली, बाबाही हसले, आणि तुझा विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी तो अख्ख्या ओळीत पोचला होता. बाबा बस चालवतात की बातम्या पोचवतात, मला कळत नाही. न्हावीदादांच्या दुकानात तुझी ओळ म्हणजे विनोदच झाला आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, डोक्यावर पाणी मारलं, की कुणीतरी विचारतं, "पाणी जातं कुठे?" आणि सगळे एकसुरात, "बेडकांच्या पोटात!" आता बेडूक म्हणजे तुम्ही. एवढ्या वर्षांनी शिवी परत करायला मिळाली, तर लोक सोडतात होय?

आणि दर रविवारचा खेळच होऊन बसला आहे. ज्याच्या घरी पाहुणा येतो तो त्याला घेऊन तीन नंबरवर येतो. बादली ओततात आणि सगळे मिळून मोठ्याने आकडे म्हणतात. पाणी नाहीसं झालं की टाळ्या. मागच्या रविवारी तर नवरानवरी आली होती! नवरीने ओतलं. जागा नेहमी तीच, उजव्या खांबापाशी, कारण तिथे सगळ्यांत लवकर जिरतं. बाबा आकडे म्हणतात. त्यांचा तो आवाज तुला माहीत आहे, हजार माणसं उभी करणारा. मी क्लबच्या बातमीपत्रात यावर लिहिलंही. 'आपलं मैदान तहानलेलं आहे' असं शीर्षक दिलं. लोकांना फार आवडलं.

तू मात्र सरळ बोल. तुला काही माहीत असेल तर लिही. एका ओळीने माणूस नुसता अस्वस्थ होतो.


१५ मे

दादा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. म्हणजे तुलाही नक्की काही माहीत नाही. 'चांगलं मैदान पाणी पितं, पण प्यालेलं कुठेतरी बाहेर काढतंही. ते कुठे काढतं ते जाऊन बघ.' बरं, गेले बघायला.

तिन्ही मैदानांखालून नळ्या आहेत आणि त्यांची तोंडं कुंपणामागच्या नाल्यात उघडतात. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. एक नंबरच्या तोंडातून धार लागली होती. दोन नंबरचीही वाहत होती, जरा गढूळ. तीन नंबरच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. पूर्ण, गोल, एकही धागा न तुटलेलं. मध्यभागी तो स्वतः बसला होता, निवांत.

मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. दोन्हीकडे पाण्याचा आवाज आणि मध्ये ते जाळं.

मग मैदानावर आले. पूर्वी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. की पूर्वीही दिसत होतं? उजवा खांब किंचित कलला आहे. मैदान राखणाऱ्यांनी त्याच्या बुडाशी पाचर ठोकली आहे, आणि त्या पाचरीवर आणखी एक. बारकीने चेंडू गोलरेषेवर ठेवला की तो आपोआप खांबाकडे जातो. मुलींना त्याची गंमत वाटते. त्या त्याला 'घरी जाणं' म्हणतात. बारकी म्हणाली, "ताई, पेनल्टीला बरंच आहे. सगळे बॉल माझ्याकडेच येतात." सरावात ती झेप घेऊन पडली तेव्हा मी कडेला उभी होते. माझ्या पायांच्या तळव्यांना ते कळलं. लाकडी माळ्यावर कुणी पडल्यासारखं.

व्यवस्थापक साहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत आता केंद्राचा छोटा नमुना ठेवला आहे, काचेखाली, कापसाची झाडं लावून. मी जाळ्याचं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, मैदान कोरडं आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"साहेब, खाली खाण आहे."

"होती. आता मैदान आहे."

"निदान उद्घाटनाआधी एकदा खणून बघू."

"गवत नुकतं धरलंय. आत्ता खणायचं, आणि आठ तारखेला पाहुण्यांना काय दाखवायचं, खड्डा? उद्घाटन होऊ द्या, मग बघू. आणि हे तिसरं मैदान मागितलं कुणी होतं, आठवतंय ना?"

ते चिडले नाहीत, दादा. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.


२८ मे

दादा,

'बारकीला तिथे उभी करू नकोस.' हे वाचून मी दोनदा घराबाहेर जाऊन आले. हेच मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं ते नेमकं तू, ज्याचं नाव घेतलं की सगळे कान बंद करतात. तू लिहिलंस की तू आलास तर अजून बिघडेल. खरं आहे. तरी वाटतं, यावंस.

मी समर्थकांच्या बैठकीत बोलले. बैठक नेहमीप्रमाणे न्हावीदादांच्या दुकानात, दुकान बंद करून. आरशांमुळे माणसं दुप्पट दिसतात, आणि मला वाटत होतं सगळी माझ्याच विरुद्ध आहेत. मी म्हटलं, हा क्लब आपला आहे, साहेबांचा नाही. आपण मागणी केली तर त्यांना ऐकावंच लागेल. फक्त दोनच गोष्टी. सामना दोन नंबरवर घ्या, आणि ते पाणी ओतणं थांबवा.

"दादाचं पत्र आलं वाटतं," शिट्टीकाका म्हणाले. सगळे हसले.

बेकरीवाल्या मावशींनी हात वर केला. त्या एकट्याच गंभीर होत्या. "पोरी, नक्की काय होईल ते सांग."

"मला माहीत नाही, मावशी."

"म्हणजे काहीच होणार नाही, असंही असू शकतं?"

"असू शकतं."

खोटं कसं बोलू, दादा? होईलच, असं म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी. शिकल्यामुळे माणूस खरं बोलतो की नुसता कमकुवत बोलतो, असं त्या क्षणी वाटलं.

"माहीत नाही म्हणते आणि भीती घालते," कुणीतरी मागून म्हणालं. "इतके दिवस तहानलेलं मैदान, तहानलेलं मैदान, आणि आता?"

मग बाबा उठले. मला वाटलं, सावरून घेतील. ते माझ्याकडे न बघता आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या घरातला एक पलीकडे गेलाच आहे. बाईसाहेबांनाही तिकीट काढायचं असेल तर बस माझीच आहे, फुकट सोडतो." खूप हशा झाला. बाबा हसले नाहीत.

रविवारी मला खोटं पाडायला त्यांनी बादली आणली नाही. टँकर आणला. शिट्टीकाकांच्या मेहुण्याचा, बांधकामाला पाणी पुरवणारा. नळी थेट उजव्या खांबाच्या बुडाशी लावली आणि अख्खा टँकर रिकामा केला. पोरंटोरं, म्हातारे, सगळे कडेला उभे राहून गात होते. पाणी जात होतं, जात होतं. थेंबही वर आला नाही. गाणाऱ्यांत एकच माणूस गात नव्हता, टँकरवाला. तो नळीकडे बघायचा, गवताकडे बघायचा, मग पुन्हा नळीकडे. टाकी संपली तशी त्याने नळी भराभर गुंडाळली आणि लोक चहाला थांबवत असतानाही थांबला नाही. टँकर त्याने गवतावरून न वळवता उलटा नेला, थेट फाटकापर्यंत.

बारकी माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, दात घासता घासता. "तुझ्यामुळे मुलींना मैदान मिळालं, असं गावभर सांगत होतीस. आता तूच काढून घेतेस?" मी म्हटलं, "त्या गोलमध्ये उभी राहू नकोस, एवढंच मागतेय." तर म्हणाली, "गोलकीपर अजून कुठे उभी राहते, ताई?"


८ जून, सामना चालू असताना

दादा,

फाटकाबाहेरच्या फुटपाथवर बसून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे. बारकी माझ्या शेजारी बसली आहे, पायात अजून स्टडचे बूट. ती ठीक आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

सकाळी मी फाटक उघडल्याबरोबर आत गेले आणि तीन नंबरच्या गोलमध्ये जाऊन बसले. उजव्या खांबाला टेकून. दुसरं काही सुचलं नाही. मला उचलल्याशिवाय सामना सुरू होणार नाही, एवढाच हिशेब. बसल्या जागी खालून गार वारा लागत होता, गवताच्या मुळांतून. दाराच्या फटीतून येतो तसा.

लोक भरू लागले. आधी वाटलं त्यांना, काही कार्यक्रम असेल. मग कळलं. मग डराँव डराँव सुरू झालं. आपल्याच लोकांनी, दादा, मला बघून. व्यवस्थापक साहेब कडेला पाहुण्यांना हसून काहीतरी सांगत होते. ते आत आले नाहीत. त्यांनी बाबांना पाठवलं.

बाबा मैदान ओलांडून येताना मी ओरडत होते, "तिथेच थांबा, बाबा! पुढे येऊ नका!" ते आले. नवे बूट, क्लबचा गळपट्टा. वाकले, माझ्या काखेत हात घातले, आणि हळू आवाजात म्हणाले, "ऊठ ग. माझी अब्रू चाललीय." मला वाटतं, त्यांनी मला इतक्या हळू आवाजात कधीच काही सांगितलं नव्हतं. मी उठणारही होते.

उचलायला त्यांनी जोर लावला आणि त्यांचा उजवा पाय खाली गेला. गुडघ्यापर्यंत. काही आवाज नाही, धूळ नाही. ताटातल्या भातात बोट रुतावं तसा गेला. लांबून लोकांना वाटलं घसरले, आणि ते हसले. मी त्यांचा दंड धरून ओढलं. पाय बाहेर आला. बूट आला नाही.

आम्ही दोघांनी त्या भोकातून खाली पाहिलं. खाली माती नव्हती, दादा. खाली अंधार होता, आणि खूप खोलवर, त्या अंधारात, पाणी हलत होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगते, सगळं कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तुझं नाव येऊन गेलं. मग त्यांनी गवताचा निघालेला तुकडा उचलला, त्या भोकावर ठेवला, कडा बोटांनी दाबून बसवल्या. उभे राहिले. लोकांकडे वळून दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "चालू करा!" केवढा जयघोष झाला! मला दोघांनी धरून बाहेर नेलं. मी किंचाळून सांगत होते, पण त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं.

संघ आत आले. बारकी गोलकडे धावत गेली. बाबा अजून तिथेच उभे होते, त्या तुकड्याच्या बाजूला, जणू पहाऱ्यावर. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली. तिने काय विचारलं ते तिनेच मला आत्ता सांगितलं. "बाबा, तुमचा बूट कुठाय?"

बाबांनी मोज्यातला पाय दुसऱ्या पायामागे घेतला.

बारकीने हातमोजे काढले, गोलरेषेवर ठेवले आणि चालत बाहेर आली. प्रशिक्षक बाई ओरडल्या, मैत्रिणी ओरडल्या, लोकांनी हुर्यो उडवली. तिने मान वर केली नाही. माझ्याजवळ आली आणि माझी बाही धरून उभी राहिली, लहानपणी धरायची तशी.

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, पोटात दुखत असेल तर तसं सांगा. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मध्यंतरात बघू. अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडच्या माणसाने विचारलं, काही कोसळलंय का? मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, नोंद घेतली आहे. मग आमच्या दोघींमुळे गोंधळ नको म्हणून आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

आणि गोलकीपर राखीव असतेच ना, दादा. त्यांनी तिला बोलावलं. बारकीहून लहान आहे, वर्षभर बाकावर बसलेली. केस घट्ट बांधत आनंदाने धावत आली, बारकीचे हातमोजे उचलले. तिला मोठे होतात. मग गोलकीपर सगळ्याच करतात तसं तिने उडी मारून आडव्या दांड्याला हात लावला. पोचला नाही. पुन्हा मारली. दोन्ही पायांवर धपकन खाली आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फाटक बंद होताना मी एवढं पाहिलं.

बारकी म्हणतेय, "ताई, चल घरी. मी बाहेर आलेय ना." आली आहे. हेच मागत होते मी. आजवर मी जे जे मोठं बोलले, सर्वांचा क्लब, सगळ्या मुली, त्यातलं नेमकं एवढंच मला मिळालं आहे. त्या पोरीच्या घरचं कोण आत बसलंय तेही मला माहीत नाही. कदाचित तिचे वडील आत्ता शेजाऱ्याला सांगत असतील, ती बघा, ती आमची.

पहारेकऱ्याला बाजूच्या दारातून सोडायला सांगते. नाही सोडलं तर कुंपण आहे.

आत्ताच आत मोठा ओरडा झाला. बारकी म्हणाली, "गोल." गोल झाला की त्यामागून लगेच बाबांचा आवाज येतो आणि सगळे गायला लागतात. आम्ही दोघी ऐकतोय.

अजून कुणी गात नाही.

पत्र बारकीकडे देते. ती माझी बाही सोडत नाहीये, सोडवून जाते.